काकांचं गोल फिरणारं इंजिन

परवा गॅरेजमध्ये ग्रीसचा वास आला आणि लालबागच्या चाळीतले आमचे शेजारी काका आठवले. गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली, काकी गेल्या, मग एकटेच राहायचे. मी नुकताच इंजिनिअर झालो होतो. एका रविवारी त्यांनी मला बोलावून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलेलं इंजिन दाखवलं. त्यात पिस्टन वरखाली होत नव्हता, एक तिकोनी लोखंड गोल फिरत होतं. "चालेल ना रे?" मी म्हणालो, "नाही काका, कोपऱ्यांतनं गॅस निसटणार." "मागनं स्प्रिंग लावली तर?" "तापून ढिली पडेल." दोन तास ते तोड काढत राहिले आणि मी खोडत राहिलो. शेवटी त्यांनी कागद गुंडाळला. "नसेल चालत," ते हसून म्हणाले, "पुढच्या रविवारी ये, दुसरं काढून ठेवतो." मी हो म्हणालो आणि त्या रविवारी मित्रांबरोबर दादरला गेलो. काकांचं दार दुपारभर उघडं होतं, असं आईने संध्याकाळी सांगितलं. पुन्हा त्यांनी कधी बोलावलं नाही. आता माझा मुलगा परदेशात असतो. रविवारी त्याचा फोन संपत आला, की मीच काहीतरी नवा वाद उकरून काढतो.