कचरा गाळायची कळ

मीटरकाकांनी आयुष्यभर एकाच गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवला, तबकडीवरच्या काट्यावर. बत्तीस वर्षं ते घरोघरी पाण्याचे मीटर वाचत हिंडले. लोक हुज्जत घालायचे, "अहो, आठवडाभर घराला कुलूप होतं, एवढं पाणी लागेल कसं?" काका मीटरचं झाकण लावत म्हणायचे, "माणूस विसरतो, काटा विसरत नाही." कुठे नळ गळतोय हे मालकाआधी त्यांना कळायचं, हेही खरं. त्यामुळे त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ असं सगळे मानायचे. काका स्वतः तर सगळ्यांच्या आधी मानायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी जमिनीतला धातू शोधणारं यंत्र घेतलं. लांब दांडा, खाली ताटाएवढं गोल कडं, हाताशी तबकडी. मैदानात, नदीकाठी लोकांची पडलेली नाणी, दागिने हुडकायचे, हा छंद. यंत्र निवडायला त्यांनी तीन आठवडे घालवले आणि दुकानदाराला वात आणला. आकडे उजळणारी भारी यंत्रं खिशाला परवडत नव्हती आणि मनाला पटत नव्हती. शेवटी घेतलं ते स्वस्तातलं, पण काट्याचं. त्याला एक कळ होती, कचरा गाळायची. ती फिरवली की चॉकलेटची चांदी, औषधाच्या पाकिटाचा पत्रा असल्या गोष्टींवर यंत्र गप्प बसायचं आणि नाण्यावर तेवढं ओरडायचं.

काकांनी पहिल्याच दिवशी चाचणी घेतली. कळ निम्म्यावर नेली, चांदी वाजायची थांबली, नाणं खणखणीत वाजलं. मग त्यांनी बत्तीस वर्षं जे केलं तेच केलं. कळीला तार ओवून शिशाचं सील ठोकलं, कुणी चुकूनही हात लावू नये म्हणून. छंदाच्या यंत्राला सील! काकूंना हसू आवरेना.

वर्षभरात डबाभर नाणी जमली. आणि मग काकूंची अंगठी हरवली.

काकूंच्या आईने दिलेली, झिजून बारीक झालेली सोन्याची अंगठी. धुणं धुताना त्या ती काढून मागच्या अंगणातल्या दगडावर ठेवत. त्या दिवशी काकांची धाकटी बहीण दोन दिवस राहायला आलेली होती आणि उरलेले कपडे तिनेच पिळून वाळत घातले होते. संध्याकाळी पाहावं तर दगडावर अंगठी नाही. बहीण स्वतःच म्हणाली, "दादा, मातीत पडली असेल. तुझं यंत्र फिरव ना."

काकांनी फिरवलं. एकदा उभं, एकदा आडवं, एकदा दगडाभोवती गोल. काटा जागचा हलला नाही. काका सगळ्यांसमोर म्हणाले, "अंगठी अंगणात नाही. काटा खोटं बोलत नाही."

काकूंनी कुणाचं नाव घेतलं नाही. फक्त नणंदेच्या पिशवीकडे एकदा पाहिलं. बहिणीने ते पाहिलं आणि मग भावाकडे पाहिलं. भाऊ यंत्र पुसत होता. तिने सगळ्यांदेखत पिशवी उलटी केली, कपडे पुन्हा भरले आणि ती निघाली. चार वर्षं झाली, तिने या घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. बहिणीने असं करावं याचं काकांना दुःख होतं. पण तिने केलंच नसेल, असं त्यांच्या मनात एकदाही आलं नाही.

परवा शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या, "मीटरकाका, मलाही तसलं यंत्र घ्यायचंय, परवडेल असं. तुम्हाला कळतं त्यातलं, चला ना." कळतं म्हटल्यावर काका निघालेच. दुकानात आता दुकानदाराची मुलगी बसायची. काका ऐटीत म्हणाले, "यांना कचरा गाळायची कळ असलेलं दाखव. निम्म्यावर ठेवली की झालं."

"छे हो काका, निम्म्यावर कशाला?" मुलगी म्हणाली. "मग सोनं कसं वाजेल?"

तिने बोटातली बारीक अंगठी काढून टेबलावर ठेवली, शेजारी चॉकलेटची चांदी. कळ शून्यावर ठेवून कडं फिरवलं. दोन्ही वाजली, एकाच आवाजात, आणि काटाही दोन्ही वेळा एकाच रेघेवर गेला. मग तिने कळ निम्म्यावर नेली. चांदी गप्प झाली. अंगठीही गप्प झाली. काटा जागचा हलला नाही.

"बारीक सोनं आणि चांदीचा कागद यंत्राला सारखेच," ती नर्सबाईंना सांगत होती. "स्वस्तातलं घ्या, काही बिघडत नाही. पण दागिने हवेत तर कळ शून्यावर ठेवा आणि कचरा उपसायची तयारी ठेवा."

काकांनी टेबलाची कड धरली. "पुन्हा कर," ते म्हणाले. तिने पुन्हा केलं. "पुन्हा." नर्सबाईंनी घाबरून त्यांची नाडी धरली. काका हात सोडवून घेऊन चालू लागले, छत्री दुकानातच राहिली.

घरी येऊन त्यांनी पक्कड घेतली आणि सील तोडलं. स्वतःच्या हाताने सील तोडण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. कळ शून्यावर. धुण्याच्या दगडापाशी यंत्र लगेच वाजलं. चांदीचा तुकडा. पुन्हा वाजलं, औषधाचा पत्रा. काकू दारात येऊन म्हणाल्या, "अहो, काय उकरताय?" काकांनी यंत्र पुढे सरकवलं. तिसऱ्यांदा वाजलं ते दगडाला अगदी चिकटून. चार बोटं माती निघाली आणि अंगठी हातात आली.

काकू जवळ आल्या. "अगं बाई," एवढंच त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरच नव्हता आणि फाशी मात्र झाली होती, घरच्याच माणसाला, तिच्या सख्ख्या भावाच्या हातून.

मातीच्या हातांनीच काकांनी बहिणीला फोन लावला. चार वर्षांनी.

"सापडली गं," ते म्हणाले. "अंगणातच होती. कळ चुकीची होती, म्हणजे मीच सील केली होती... माझं चुकलं. तू ये गं घरी."

काकांना वाटलं, आता ती रडेल. पण तिचा आवाज अगदी कोरडा आला.

"दादा, आणि सापडली नसती तर?"

काकांच्या पायाशी यंत्र चालूच राहिलं होतं आणि काढून टाकलेल्या चांदीच्या तुकड्यावर एकसारखं वाजत होतं.