पंच म्हणून माझी सही

लायसन्स हरवल्याची तक्रार द्यायला मी नागपुरातल्या एका पोलीस ठाण्यात गेलो होतो. तिथल्या हवालदाराने मलाच धरून पंच केलं. टाइप केलेला पंचनामा पुढे सरकवत म्हणाला, "करा सही, मग तुमचं पाहू." मी न वाचताच केली.

समोरच्या बाकावर एक बाई बसली होती. भावाच्या मारामारीच्या केसमध्ये तिचा मोबाइल जप्त झाला होता. पदराचं टोक ती बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. आतल्या टेबलावर दोन शिपाई तिचाच मोबाइल चाळत दात काढत होते. त्यांच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटत होतं.

ती उठली. "फोन नेला, ठीक आहे. पण माहे फोटो काहून पाहून राहिले जी? लिफाफ्यात घालून सील कराले पाहिजे ना?"

"झाला न सील!" हवालदाराने पंचनामा तिच्यापुढे धरला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "पंचासमोर. हे पाय, यायची सही."

तिने सगळं सावकाश वाचलं आणि माझ्याकडे वळली. "भाऊ, तुमच्यासमोर केला काय सील?"

"हो," मी म्हणालो.

माझी तक्रार लगेच लिहून मिळाली. त्या कागदावरचा शिक्का दिसला की आजही माझं डोकं सणकतं.