म्हसोबाचा वाटा

गेल्या महिन्यात आमच्या बोरीत म्हसोबाने दारू प्यायची बंद केली... हसू नका, आधी ऐका.

आमच्या मळ्यातले पाच-सहा बाप्ये रोज संध्याकाळी कॅनॉलच्या कडेला बसतात. दारू सोडा म्हणून सांगून आम्ही बायका थकलो होतो. मग मीच एकदा चेष्टेत म्हटलं, सोडू नका, पण प्रत्येकाने आपली अर्धी बांधावरच्या म्हसोबाला द्यायची. बायकोला न भिणारी माणसं देवाला मात्र भितात!

आणि जमलं की राव! सगळ्यांची अर्धी एका तांब्यात ओतायची, देवापुढे ठेवायची आणि उजेडात घरी यायचं... उसात बिबट्या असतो ना. माणसं शुद्धीत जेवायला लागली. माझे धाकटे दीर, संपत भाऊजी, यांनी तर साफ सोडली. त्यांच्यात बसायचे, पण नुसता सोडा प्यायचे.

फक्त एक होतं... सकाळी तांब्या रिकामा असायचा.

आधी वाटलं, कुत्री असतील. पण कुत्र्याने तांब्या पाडला असता. हा जागच्या जागी उभा, आतून कोरडा. बाप्ये खूश, देवाने वाटा घेतला म्हणून. मला मात्र माझ्याच चेष्टेची भीती वाटायला लागली. गवताला जाताना मी त्या बांधावरून जायचंच सोडलं.

आणि एका सकाळी तांब्या भरलेला! दुसऱ्या दिवशीही तसाच, वर एक माशी तरंगत होती. देव कोपला म्हणून बाप्यांची तोंडं उतरली, कोणी बसायलाही गेलं नाही. नारळ फोडायचं ठरत होतं.

देव पीत नव्हता, एवढं मला मनातून ठाऊक होतं. मग रोज पिणारा गेला कुठे? आणि एकदम लक्षात आलं... कांद्याला पाणी द्यायचं म्हणून रोज रात्री रानात राहणारे भाऊजी दोन दिवस चहाला आले नव्हते.

मी आणि आमचे हे विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीकडे पळालो. भाऊजी कोपऱ्यात घामाने भिजून थरथरत होते. भिंतीवरून काहीतरी झटकत होते... भिंतीवर काहीच नव्हतं. पिकअपमध्ये घालून त्यांना नारायणगावला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, एवढी सवय असलेल्याने एकट्याने एकदम बंद करणं जिवावर बेततं, त्याला औषधोपचार लागतात.

शुद्धीवर आल्यावर भाऊजी एवढंच म्हणाले, "वहिनी, समद्यांची कमी झाली, आन् माजी वाढली."

अजून आठवलं की रडू येतं. आम्ही कौतुक करत होतो आणि हा माणूस एकटा सगळ्यांची रिचवत होता.

आता तांब्या बंद. बाप्ये मुळात अर्धीच आणतात, आणि रोज पाळीने एक जण न पिता भाऊजींसोबत आमच्या ओट्यावर चहाला बसतो. भाऊजींचं औषध चालू आहे, हात कापायचे थांबलेत.

परवा मी विचारलं, त्या दिवशी एकाएकी बंद का केली? म्हणाले, "तांब्या तोंडाला लावला, आन् दगडामागनं तुमीच म्हनला न्हाई का, आता पुरं संपत. म्हनून तसाच ठिवला."

भाऊजींना मी कधी नावाने हाक मारत नाही. आणि त्या संध्याकाळी मी माहेरी होते, पिंपरी पेंढारला...

त्यांना हे सांगितलेलं नाही. जी कोणी असेल, बाई, तुझे उपकार आहेत.