कॉफीवरून झालेलं इंग्रजी भांडण

आमच्या तमिळनाडूतल्या, कुंभकोणमच्या ऑफिसात दिल्लीहून नवे साहेब आले. त्यांना तमिळ येत नव्हतं आणि इंग्रजी बोलायची वेळ आली की माझी बोबडी वळायची. घरी आम्ही मराठी बोलतो, बाहेर तमिळ. इंग्रजी मी फक्त वाचायचे. शेवटी गावातच संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला जाऊ लागले. तिथेही नुसती मान हलवायचे.

एकदा बाईंनी कॉफी कशी करायची ते सांगायला लावलं. माझ्या शेजारी जवळच्या दारासुरम गावची, साड्या विणणारी एक जण बसायची. ती उठून अडखळत म्हणाली, "आधी दुधात निम्मं पाणी घालायचं."

मी ताडकन उठले. "आपल्या कुंभकोणमच्या डिग्री कॉफीत पाणी? दूध निर्भेळच हवं!"

"आमच्या घरात माणसं किती, ठाऊक आहे?" तीही इंग्रजीतच कडाडली. "तुम्ही आणून द्या दूध!"

वर्ग हसू लागला. बाई म्हणाल्या, "थांबू नका, चालू द्या."

तेव्हा कुठे आम्हाला कळलं की आपण इंग्रजीत भांडतोय, आणि कळताच दोघींची जीभ अडली. मग मात्र रोज वर्गाआधी आम्ही ठरवून कशावरून तरी भांडू लागलो. साहेबांशी मी अजून चुकतमाकतच बोलते, पण बोलते.