लासूरला गेलेलं जोडपं

आमच्या घरात कुणीच दुःखी सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही, कारण आप्पा पाहू देत नाहीत. पडद्यावर कुणी मरणार असं दिसलं की ते पायानं चपला चाचपू लागतात आणि म्हणतात, "चला, पार्किंगला गर्दी होईल." म्हणून खुर्चीसुद्धा त्यांना कायम कडेची लागते.

गोष्टींचंही तेच. किल्लेदाराची मुलगी आणि तलवारी घडवणारा लोहार, ही दंतकथा आमच्या पडेगावात लहानपणापासून ऐकलेली. शेवटी दोघं खंदकात उडी घेतात. आप्पांच्या गोष्टीत मात्र ती दोघं निसटून थेट लासूर स्टेशनला जायची आणि नांगराच्या फाळांचं दुकान टाकायची.

"तेव्हा स्टेशन होतं का पण?" माझी धाकटी बहीण विचारायची.

"स्टेशन मागून आलं. दुकान आधीचं हाय."

आता त्या दंतकथेवर सिनेमा आला आणि धाकटीनं आम्हा सगळ्यांची तिकिटं काढली. मला तिचा असा राग आला! त्याच आठवड्यात तिनं आप्पांना सांगितलं होतं की वाळूजच्या कंपनीतल्या एका मुलाशी लग्न करायचंय, आणि तो आपल्या जातीचा नाही. आप्पांनी ऐकून घेतलं, उठून कढीपत्त्याला पाणी घातलं आणि तेव्हापासून त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही. आमच्याकडे आप्पांचं गप्प राहणं म्हणजे नकार. मला पुढं शिकायचं होतं तेव्हा ते असेच गप्प राहिले होते आणि मी निमूट लग्न करून मोकळी झाले.

आई आली नाही. "रडायला मला थेटर कशाला लागतंय? घरीच रडते की," म्हणाली.

मी सिनेमा पाहिलाच नाही म्हटलं तरी चालेल, सगळा वेळ आप्पांकडे बघत होते. ते मधूनमधून कुरकुरत होते, "इतकं हिरवं आपल्याकडं कुठं असतंय?" मध्यंतरात धाकटी एकेक पॉपकॉर्न चावत बसली होती. आज ते उठून गेले तर तिचाही विषय संपला, हे मला कळत होतं आणि तिलाही.

शेवटी दोघं पळत दरवाजापाशी आली. दरवाजा बंद. मागं शिपाई, बाजूला तटाखाली खंदक आणि दारापुढं हातात किल्ली घेऊन उभा असलेला मुलीचा बाप. आप्पांचे पाय चपला शोधू लागले.

"चला. पार्किंगला गर्दी होईल."

मी सवयीनं उठलेसुद्धा. धाकटी हलली नाही.

"मी नाही येत, आप्पा. काय होतंय ते मला बघायचंय."

आप्पा तसेच उभे. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ चाचा, बैठो ना!" आणि आप्पा चक्क बसले. मीही बसले.

पडद्यावर किल्लेदार किल्ली मुठीत आवळून उभाच होता. तेवढ्यात शेजारून आप्पांचा आवाज आला, चांगला मोठ्यानं, "अरे, उघड की दार! किल्ली तुझ्याच हातात हाय ना!"

लोक हसले. किल्लेदारानं दार उघडलं नाही. त्या दोघांनी उडी घेतली आणि आप्पा खांद्यावरच्या उपरण्यानं डोळे पुसत राहिले. दिवे लागले, माणसं निघून गेली, झाडूवाला रांगेपर्यंत आला तेव्हा कुठं आम्ही उठलो. पार्किंगमध्ये तर कुणीच उरलं नव्हतं.

घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. धाकटी खिडकीबाहेर बघत बसली होती. मला वाटलं, झालं, संपलं सगळं.

आईनं दार उघडलं आणि विचारलं, "काय झालं मग त्या दोघांचं?"

"लासूरला गेले," आप्पा चपला काढत म्हणाले. मग धाकटीकडे न बघता आईला सांगितलं, "रविवारी एक पान जास्त वाढ. वाळूजहून पोरगा येणार हाय जेवायला."