येळवशीच्या दिवशी गेलेला सिग्नल

"भाऊ, शेत दिसंना गेलंय. निस्ता काळा पडदा यायलाय. अन् आज येळवस हाय की वो!"

महानंदाताईंचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या खोलीवर चहा टाकत होतो. कॅमेरा बंद पडल्याचे फोन मला रोज येतात आणि रोज माझं डोकं फिरतं, कारण बहुतेक वेळा कुणीतरी मोबाइल चार्जिंगला लावायला राउटरची पिन काढलेली असते. मी तेच विचारलं.

"पिन बगितली. राउटरची हिरवी लाइट चालू हाय. घरचा कॅमेरा दिसायलाय. शेतातलाच गेलाय." मग त्यांनी आवाज बारीक केला. "अप्पांनी ताट सारलंय. भिताडाकडं तोंड करून पडलेत."

हे ऐकलं आणि मी गॅस बंद करून पायात बूट घातले.

माझं काम सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगचं. मूळचा मी उमरीचा, म्हणजे नांदेड जिल्ह्यातला. लातूरला येऊन तो माझा पहिलाच हिवाळा होता. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, हे ऐकून माहीत होतं. पण आमच्या उमरीकडं तिचा असा थाट नाही. लातूरकडं त्या दिवशी दुकानांची शटर खाली असतात आणि अख्खा जिल्हा शेतात जेवायला बसलेला असतो. रस्त्यावर मोकाट कुत्रीसुद्धा कमी दिसतात. तीही शेतात गेलेली असणार.

मन्मथअप्पा हे महानंदाताईंचे सासरे. औशाच्या पुढं त्यांचं गाव. जन्मभर रोज शेतात गेलेला माणूस. पावसाळ्यात बांधावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी चालायला मनाई केली. घर गावाच्या कडेला, शेत ओढ्याच्या पलीकडं. गच्चीवर उभं राहिलं की समोर दिसतं. पण अप्पा खाटेवर, आणि खाटेवरून दिसतं काय, तर भिंत आणि तिच्यावरचं कॅलेंडर.

हळूहळू त्यांचं बोलणं कमी झालं, मग जेवण. चंद्रकांत, त्यांचा मुलगा आणि महानंदाताईंचा नवरा, मला पहिल्यांदा भेटला तेव्हा म्हणाला, "मोटारीची केबल चोरीला जायलीय, डुकरं येयलेत, शेतात कॅमेरा पाह्यजे." मी मान डोलावली. निघताना महानंदाताई दारापर्यंत आल्या आणि खरं कारण सांगितलं. "केबल गेली तर दुसरी आणता येती. अप्पा जेवना गेलेत. शेत दिसलं तर खातील दोन घास, असं मला वाटतंय."

माझ्या धंद्यात गिऱ्हाईक खरं कारण क्वचितच सांगतं. त्यामुळं हे काम मी जरा मनावर घेतलं.

घरातलं वायफाय शेतापर्यंत कसं न्यायचं, हा प्रश्न होता. चंद्रकांतने माझ्या आधी ऑनलाइन एक एक्स्टेंडर मागवून मागच्या खोलीत लावून ठेवला होता. एक्स्टेंडरचं काम एवढंच, की राउटरचं ऐकायचं आणि तेच पुढं सांगायचं. मागच्या खोलीत दगडी भिंतींमुळं राउटरचाच आवाज पोचत नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सिमकार्डवाला कॅमेराही लावून बघितला, पण ओढ्याच्या खोलगटात मोबाइलची रेंज रडकी.

शेवटी वायरलेस ब्रिज लावला. यात दोन छोटे रेडिओ असतात. एक घरावर, एक शेतात. दोघांची तोंडं एकमेकांकडं करायची, म्हणजे ते आपसात बोलतात आणि घरचं इंटरनेट शेतात पोचतं. अट एकच, मध्ये काही आडवं यायला नको. यालाच आम्ही लाइन ऑफ साइट म्हणतो. भिंत, पत्रा यांचं वावडं तर आहेच, पण या रेडिओंचा खरा वैरी म्हणजे हिरवा पाला. पाल्यात पाणी असतं आणि पाणी सिग्नल गिळतं.

अप्पांच्या शेतात विहिरीजवळ थोरला आंबा आहे, नेमका मध्ये. ओढ्यापलीकडं जमीन चढती असल्यामुळं घराची गच्ची आणि विहीर जवळपास एका पातळीत येतात. म्हणून मी शेतातला रेडिओ उंच खांबावर न लावता विहिरीच्या कठड्यावर बसवला आणि सिग्नल आंब्याच्या फांद्यांखालून काढला. कॅमेरा आखाड्याजवळच्या, म्हणजे शेतातल्या गोठ्याजवळच्या खांबावर. शेतातली लाइट कधी येते, कधी जाते, त्यामुळं सोलर पॅनल आणि बॅटरी जोडली. काम नीट झालं. खरं सांगायचं तर स्वतःवर खूश झालो मी.

कॅमेऱ्याला स्पीकर होता. घरातून मोबाइलवर बोललं की शेतात ऐकू जातं, डुकरं हाकलायला उपयोगी. पण चंद्रकांत मला बाजूला घेऊन म्हणाला, "त्ये बोलायचं तेवढं बंद ठिवा. अप्पांच्या हाती लागलं तर दिवसभर गड्यांवर वरडत बसतील, अन् गडी पळून जातील." मी सेटिंगमध्ये जाऊन स्पीकर बंद केला आणि त्याबद्दल कुणाला काही बोललो नाही.

चित्र अप्पांच्या खाटेसमोरच्या टीव्हीवर आलं. पहिल्या दिवशी ते नुसते बघत राहिले. दुसऱ्या दिवशी महानंदाताईंचा फोन आला, अप्पा तुरीवरच्या अळीवरून चंद्रकांतला शिव्या देत होते आणि शिव्या देता देता भाकरी खाल्ली होती. फोनवर त्या हसत होत्या आणि नाकही ओढत होत्या. त्या दिवशी मला माझा धंदा फार आवडला.

तर असा तो कॅमेरा, आणि येळवशीलाच गेला. अप्पा कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होते, "आवंदा येळवस हितूनच बगणार." शेतातली येळवस त्यांची जन्मात पहिल्यांदाच चुकणार होती. घरच्यांना त्यांनीच शेतात पिटाळलं होतं. महानंदाताई तेवढ्या मागं थांबल्या होत्या.

मोटरसायकल काढली. रस्ता मोकळा, पण वेगात जाणं काही जमेना. बांधाबांधावरून लोक हात करत. "ओ पाव्हणं, या जेवायला!" ओळख ना पाळख. येळवशीला वाटेनं जाणाऱ्याला जेवू घालायची तिकडची रीत. एकानं तर गाडीच अडवली. इमर्जन्सी आहे म्हटलं तर म्हणाला, "मंग भज्जी घेऊन जा की." डब्यातनं ती शेंगा-पालेभाज्यांची मिसळ देऊ लागला. कसाबसा सुटलो.

थेट शेतात गेलो. आखाड्यावर पंधरा-वीस माणसं जमलेली. बैलगाडी सोडलेली, बैल कडब्यापुढं बांधलेले. चंद्रकांत नव्या धोतरात, डोक्याला फेटा. मी बॅटरी तपासली, ठीक. केबल ठीक. रेडिओ चालू होता, पण समोरचा रेडिओ त्याला सापडत नव्हता. मी विहिरीच्या कठड्याजवळ वाकलो आणि रेडिओच्या मागून घराच्या दिशेला बघितलं.

घर दिसत नव्हतं. मध्ये कडब्याची खोप उभी होती.

येळवशीला ज्वारीच्या पेंढ्या उभ्या करून एक छोटी खोप करतात. तिला तिकडं कोप म्हणतात. आत चुना लावलेले पाच दगड, ते पाच पांडव. त्यांची पूजा होते. अप्पांच्या घरचा कोप पिढ्यान्‌पिढ्या आंब्याखालीच, विहिरीच्या अंगाला होत आला होता. म्हणजे मी ज्या फटीतून सिग्नल काढला होता, बरोबर तिथंच. जाड पेंढ्या, वरून बांधलेली ज्वारीची हिरवी ताटं. सिग्नलला जायला बोटभर जागा नव्हती.

"चंद्रकांतराव, कोप चार हात डावीकडं सरकवा," मी म्हटलं. "लगेच चालू होईल."

सगळे हातातलं काम सोडून माझ्याकडं बघू लागले. मी काहीतरी भलतंच बोलून बसलो, एवढं मला कळलं.

"साहेब, देव बसलेत," चंद्रकांत म्हणाला. "तुमी नांदेडकडचे, तुमाला ठाव न्हाई. बसलेलं देव उठवत नसतेत." पण त्याचा आवाज पक्का नव्हता. तो ओढ्यापलीकडं घराच्या दिशेला बघत होता. त्याला देव हलवायचे नव्हते आणि बापाला अंधारात ठेवायचं नव्हतं. मग त्यानेच बायकोला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "अप्पांना इचार, कोप थोडा सरकवावा का. त्याच्याबिगर दिसंना गेलंय."

पलीकडं खाट कुरकुरली. मग मागून खरखरीत आवाज आला, सकाळपासूनचा पहिला.

"सरकवायचा न्हाई. मला न्हाई दिसलं तरी चालतंय. पूजा करा अन् जेवा."

चंद्रकांतने फोन खिशात ठेवला. फेट्याचं टोक उगाच डोळ्याला लावलं. मी तिथं उभा राहून स्वतःला शिव्या देत होतो. वर आंब्याच्या फांद्या, खाली कोप. वरनंही वाट नाही, खालनंही नाही.

मग नजर बैलगाडीवर गेली. ती आंब्याच्या सावलीबाहेर उघड्यावर उभी होती, आणि तिच्यापासून गच्ची स्वच्छ दिसत होती. देव हलत नसतील तर रेडिओ हलवायला कोणाची हरकत होती?

मोटरसायकलच्या पेटीत केबलचं उरलेलं भेंडोळं होतं. कठड्यावरचा रेडिओ काढला, केबल वाढवली आणि बैलगाडीच्या खुंट्याला रेडिओ कासऱ्यानं आवळून बांधला. "संध्याकाळपर्यंत गाडी हलवू नका," म्हटलं. आता गच्चीवरच्या रेडिओचं तोंड थोडं वळवायला हवं होतं. फोन लावला.

"ताई, गच्चीवर जा. खांबावरचा पांढरा डबा दिसतोय?"

"दिसायलाय."

"जरा उजवीकडं फिरवा. हळू."

"ह्यो माझा उजवा का तुमचा उजवा?"

"तुमचा! शेताकडं तोंड करून."

"वरडू नका की भाऊ. फिरवायलेय."

माझ्या मोबाइलवर सिग्नलचा आकडा चढला, पडला, पुन्हा चढला. "बास! बास, आता हात काढा." त्यांनी हात काढला. मग त्या जिना उतरत असल्याचा आवाज, आणि मग खालून हाक, "आलं! अप्पा, उठा, शेत आलं!"

माझं काम संपलं होतं. केबल गुंडाळायला लागलो. इकडं पूजा झाली, पांडवांना नैवेद्य दाखवला. आता आंबिलीचं बिंदगं, म्हणजे छोटी घागर, घेऊन पिकाभोवती फिरायचं आणि आंबील शिंपडायची. त्या वेळी घरातला वडील माणूस "ओलगे ओलगे" अशी आरोळी देतो आणि बाकीचे मागून साथ देतात. अर्थ विचारला तर कुणी सांगत नाही, आणि प्रत्येक गावाची म्हणायची तऱ्हा वेगळी. चंद्रकांत बिंदगं घेऊन उभा राहिला. तोंड उघडलं आणि मिटलं. आजवर ही आरोळी अप्पांनीच दिली होती.

तो माझ्याकडं वळला. "साहेब, त्ये बोलायचं... चालू करता का?"

मी सेटिंग उघडून स्पीकर चालू केला. महानंदाताईंना फोनवर सांगितलं, कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये माइकचं चित्र दिसतंय त्यावर बोट दाबून धरा आणि मोबाइल अप्पांच्या तोंडाजवळ न्या. आधी नुसती खरखर झाली. मग घसा खाकरल्याचा आवाज. आणि मग खांबावरून, हरभऱ्यावरून, ज्वारीवरून अप्पांची आरोळी गेली.

आवाज म्हाताऱ्याचा होता, पण आखाड्यावर कुणीही हललं नाही. पहिला हलला तो पाखऱ्या, अप्पांचा बैल. त्यानं कडबा तोंडातच धरून मान वर केली, कान टवकारले आणि दावं ताणून खांबाकडं जायला बघू लागला. चंद्रकांतनं त्याचं दावं सोडलं. पाखऱ्या खांबाखाली जाऊन उभा राहिला आणि वर बघून हंबरला.

टीव्हीवर अप्पांना तो अगदी समोर दिसत असणार. पुढची आरोळी यायला जरा वेळ लागला. आली तेव्हा आवाज ओला होता. मागून सगळ्यांनी साथ दिली, मीही दिली. उमरीचा माणूस, शब्द धड माहीत नाहीत, पण सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडलो.

पंगतीला मला चंद्रकांतच्या शेजारी बसवलं. भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील. घास घेतो न घेतो तोच वरून आवाज आला, "त्या नांदेडकराला भज्जी वाढा अजून. लाजून राह्यलंय." सगळे हसले. मागून महानंदाताईंचा आवाज, "अप्पा, तुमीपण जेवा की," आणि भांड्याचा आवाज आला. चंद्रकांत मान खाली घालून जेवत राहिला, पण तो आवाज त्याने नीट ऐकला होता.

तेव्हापासून साइट सर्व्हेला गेलो की भिंत, झाड, पत्रा बघून झाल्यावर मी हमखास विचारतो, "येळवशीला कोप कुठं घालता?" लोक चकित होऊन बघतात. मी जागा दाखवायला लावतो आणि मगच रेडिओ बसवतो. पुस्तकात हे लिहिलेलं नाही.

त्या संध्याकाळी रेडिओ तात्पुरता एका बांबूवर चढवून आलो होतो; आठवडाभरानं तो कायमचा नव्या जागी बसवायला गेलो. काम उरकल्यावर चंद्रकांत जवळ आला. त्याचा चेहरा वैतागलेला.

"दिवसभर वरडायलेत वो अप्पा. पाणी तिकडं सोड, बकऱ्या हाकल. गडी टेकीस आलेत."

"स्पीकर बंद करू का?" मी मोबाइल काढला.

त्याने खांबाकडं बघितलं. पाखऱ्या खालीच बसला होता.

"नगं," तो म्हणाला. "राहू द्या."