विमलाबाईंचा खडू

अंधेरीच्या आमच्या शाळेवरून विमान गेलं की शिकवणं थांबे. वाक्य अर्धं सोडायचं, घरघर विरली की पुढचं. यात विमला घाडीगावकर पटाईत. खडू हवेत धरून अशी थांबे, की पोरं म्हणत, बाईंना विमान आमच्याआधी कळतं.

कळत कुठलं! तिला ऐकू कमी यायला लागलं होतं, आणि हे फक्त मला ठाऊक होतं. पहिल्या बाकावरच्या पोरींनी माना वर केल्या की ती थांबे. हेडसरांना कळलं तर घरी बसवतील, हा तिचा धसका.

त्यात पंच्याऐंशी साली शाळेत कॉम्प्युटर आला. हेडसर बनसोडे म्हणाले, "ध्वनिलहरींचा धडा यावर तुम्हीच घ्या, बाई."

"मलाच का गं, कुंदा?" ती मला म्हणाली. "त्यांना संशय आलाय. वर्गाच्या दारात उभे राहून सारखे माझ्याकडे बघतात."

"अगं, विज्ञान तू शिकवतेस. मग काय मराठीवाली मी घेऊ?"

पण तिचं डोकं थाऱ्यावर नव्हतं. सर हळू बोलले तरी परीक्षा घेतात, शिपाई हसला तरी त्यालाही कळलंय. मला तर वीट आला होता.

धड्याच्या दिवशी खिडक्यांचे पडदे ओढले, कॉम्प्युटरसाठी बसवलेला एसी लावला. मी मागे बसले, सर दाराशी. विमलाने कळ दाबली. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचे ठिपके जागच्या जागी मागेपुढे डुलू लागले आणि त्यांची दाटी तेवढी पुढे सरकत गेली. "हे हवेचे कण. कण जात नाहीत, धक्का जातो," ती म्हणाली. वर्गाकडे पाठ करून ती त्या ठिपक्यांत अशी रंगली, की मलाही छान वाटलं.

तेवढ्यात विमान आलं. पोरांनी माना वर केल्या. ती बोलतच राहिली. मी कपाळाला हात लावला.

तास संपला, पोरं व्हरांड्यात गेली. सर पुढे आले तशी ती पांढरीफटक पडली. "तुम्हाला माहीत होतं ना, सर? म्हणूनच बघत होतात ना माझ्याकडे?"

सरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि अगदी हळू आवाजात काहीतरी सांगितलं.

"काय म्हणाले गं?" तिने मला विचारलं.

"ते म्हणतायत," मी आवाज चढवला, "त्यांनाही ऐकू कमी येतं! घरघर विमानाची की कशाची, ते तुझा खडू बघून ठरवतात! आज तू थांबली नाहीस, म्हणून त्यांना तो एसीच वाटला!"

विमला मटकन खुर्चीत बसली आणि हसता हसता रडायला लागली. व्हरांड्यात मात्र एकदम शांतता पसरली होती. माझा आवाज पार जिन्यापर्यंत गेला होता.

दुसऱ्या दिवशी तिच्या तासाला विमान आलं. मी शेजारच्या वर्गातून डोकावले. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्या पोरांनी हात वर केले होते.